टिनाच्या छपरीतले दोन गिनीपिग, आणि टॉनिक कोणतं द्यायचं हा प्रश्न

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. लेकरांच्या मामानं दिवाळीत नागपूरहून दोन गिनीपिग आणून दिले. दुकानदार म्हणाला, दोन्ही माद्या आहेत. हिंगणघाट तालुक्यातलं गाव, टिनाची छपरी, आणि तिथं सशासाठी बनवलेला तळालाही जाळीच असलेला पिंजरा. खायला पोळीचे तुकडे, भिजवलेले चणे, उरलेला भात, कधीमधी गाजर. आता होळी झाली आणि एकीचे केस उभे राहिले आहेत, ती कोपऱ्यात फुगून बसते, चालताना मागचे पाय ओढल्यासारखी करते. दुसरी मात्र दिवसेंदिवस गोलमटोल होते आहे. आणि तुम्ही विचारलंत, "हिला कोणतं टॉनिक देऊ?"

मी गुरांचा डॉक्टर आहे. यवतमाळ जिल्ह्यात २२ वर्षं बैल, म्हशी आणि बकऱ्यांत गेली. गिनीपिग आमच्या घरात आले ते लेकीच्या हट्टानं. लेक शिकायला पुण्याला गेली, आणि ते राहिले माझ्या गळ्यात. त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हा हे जे सांगतो आहे त्यातलं थोडं पुस्तकातलं आहे, बरंचसं चुकून शिकलेलं आहे. शिवाय जनावर मी पाहिलेलं नाही, हेही धरून चाला. पाय ओढायला पडून झालेली दुखापतही कारण असू शकते, आणि सात वर्षांचं लेकरू घरात आहे म्हणता, तेव्हा ते अशक्य नाही.

पण तुम्ही लिहिलेलं खाणं वाचल्यावर माझा पहिला संशय दुसरीकडं जातो. गिनीपिगच्या अंगात क जीवनसत्त्व तयारच होत नाही. गाय, बकरी, कुत्रा, उंदीर हे सगळे ते स्वतःच्या शरीरात बनवतात. माणूस आणि गिनीपिग बनवू शकत नाहीत, दोघांनाही ते रोज तोंडावाटे लागतं. १९०७ साली नॉर्वेतल्या होल्स्ट आणि फ्रोलिक या दोघांनी गिनीपिगना नुसतं धान्य आणि पाव खाऊ घातला, तेव्हा त्या जनावरांना खलाशांना होणारा स्कर्व्ही झाला. तुमच्या छपरीत पोळी, भात आणि चणे यांच्यावर नकळत तोच प्रयोग चालला आहे, ताई. दोन-तीन आठवडे क जीवनसत्त्व कमी पडलं की सांधे सुजतात, चालणं दुखतं, केस राठ होतात, हिरड्या हुळहुळ्या होतात आणि मग जनावर खाणंच टाकतं. गाजराचा इथं फारसा उपयोग नाही. गाजरात अ जीवनसत्त्वाचा साठा मोठा, क अगदी थोडं.

म्हणून टॉनिक नको. बाजारातल्या बहुतेक टॉनिकांत अ आणि ड जीवनसत्त्व असतं, कॅल्शियम असतं. अ आणि ड अंगात साठत जातात, आणि जास्तीचं कॅल्शियम या जनावराच्या मूत्राशयात खडा होऊन बसतं. हवं आहे ते एकच. औषधाच्या दुकानात क जीवनसत्त्वाची ५०० मिलिग्रॅमची चघळायची गोळी मिळते. ती कुटून जुने वैद्य करायचे तशा दहा सारख्या पुड्या करा. आजारी असलेलीला रोज एक पुडी, काकडीच्या फोडीला चोळून किंवा चमचाभर पाण्यात कालवून, सुई काढलेल्या सिरिंजनं गालाच्या बाजूनं थेंबथेंब. हे आठवडाभर. पिण्याच्या बाटलीत मिसळू नका. पाण्यात ते काही तासांत उतरतं, शिवाय चव बदलली म्हणून जनावर पाणी पिणं कमी करतं, आणि मार्चमध्ये ते परवडणारं नाही. दोन-तीन दिवसांत चालण्यात फरक दिसला नाही, तर गोळीवर विसंबून न राहता दाखवायला न्या.

पुढं रोजच्यासाठी गोळीची गरज नाही, आपल्या परसात भरपूर आहे. जाम, म्हणजे बाकी महाराष्ट्राचा पेरू, याची अंगठ्याएवढी फोड दिली की एका गिनीपिगची दिवसाची गरज भागते. जामचा हंगाम नसेल तेव्हा ढोबळ्या मिरचीचा पाव तुकडा. सांबार रोज मूठभर द्या, अगदी देठासकट (पुण्याच्या पाहुण्याला सांबार म्हटलं की इडली आठवते, आपल्याकडं ती कोथिंबीर). मुंगण्याचा, म्हणजे शेवग्याचा, पाला पौष्टिक, पण त्यात कॅल्शियम बरंच, म्हणून आठवड्यातून एखादी डहाळी. पालक, चवळाई आणि अंबाडी यांचंही तसंच, कधीतरीच. पत्ताकोबीनं पोट फुगतं. संत्रा? आपल्याकडं पाव्हण्याला संत्रा दिल्याशिवाय राहवत नाही, तो मोह गिनीपिगच्या बाबतीत आवरा. आठवड्यातून एक-दोन फोडी पुरे, आंबटानं त्यांचे ओठ फुटतात. बटाटा, कांदा, लसूण, बिस्किट, दूध, फल्लीदाणे आणि सरकीची ढेप बंद. आणि पोळी-भात आजपासून बंद, पण चणे एकदम तोडू नका. चार-पाच दिवसांत कमी करत आणा, नाहीतर गवताची सवय नसलेलं जनावर उपाशी बसेल.

भाजीपाला म्हणजे तोंडी लावणं. भाकर म्हणजे गवत, आणि तुमच्या यादीत ते कुठंच नाही. गिनीपिगचे वीसच्या वीस दात आयुष्यभर वाढत राहतात. दिवसभर वाळलेलं गवत रगडत राहिलं तरच ते झिजतात. नाहीतर खालच्या दाढा आत वळून जिभेवर कमान धरतात. माझ्याकडं असा एक आला होता. टोपलीभर चारा पुढं, त्याला भूक असायची, तोंड लावायचा आणि सोडून द्यायचा. पोटाचंही गवतावरच चालतं. पोटात तंतू सरकत राहिले तर आतडं चालतं, गिनीपिगचं आतडं थांबलं की दिवसभरात जिवावर बेततं. तेव्हा गवत चोवीस तास समोर हवं, रोज निदान त्याच्या अंगाएवढा ढीग.

शहरातले लोक यासाठी परदेशी टिमोथी गवताची पाकिटं मागवतात. तुम्हाला कशाला हवीत? धुऱ्यावरचा मारवेल, ओलिताच्या दांडाला वाढणारी हरळी, ही यांच्यासाठी उत्तमच. अडचण आहे ती निवडण्याची. आपल्या पडीक रानात कुसळी गवत फार. पावसाळा संपून दाणा भरला की त्याची कुसळं कपड्यांत रुततात हे आपल्याला माहीत आहे, तीच या जनावराच्या हिरडीत, डोळ्यात आणि मानेच्या कातडीत शिरतात. पहिल्या वर्षी आमच्या एकाचा डोळा दुधाळ झाला. दोन दिवस मी थेंब टाकत बसलो. तिसऱ्या दिवशी लेकीनं टॉर्च धरला, पापणी उलटली, आणि आत करड्या रंगाचं एक कुसळ आडवं पडलेलं. चिमट्यानं काढलं, डोळा वाचला, पण माझ्या डॉक्टरकीचा मान काही त्या दिवशी वाचला नाही. तेव्हापासून मी गवत पोळ्याच्या आगेमागे, कुसळ धरायच्या आधी कापतो, सावलीत पसरतो, दोन दिवस उलथतो आणि पोत्यात न दाबता दोरीवर टांगतो. हिरवट राहिलं आणि नाकाजवळ धरलं की गोड वास आला तर गवत साधलं. पिवळं पडलं तरी चालेल, पण काळे ठिपके किंवा कुबट वास आला तर ते म्हशीलाही घालू नका.

या वर्षीचा हंगाम गेला आहे, तेव्हा सध्या काय? ओलिताखालची हरळी रोज ताजी कापा, तासभर सुकवा आणि द्या. कडब्याचा वाळलेला पाला चालतो, धांडा फार कडक. ज्वारीचे कोवळे फुटवे मात्र जनावरांना मारतात तसेच यालाही मारतील. धानपट्ट्यातून तणस (भाताचा पेंढा) मिळाली तर ती बसायला घाला, खाण्यात तिच्यात दम नाही. लसूणघास वाढत्या पिल्लाला आणि गाभण मादीला चांगला, एरवी त्यातही कॅल्शियमचाच प्रश्न. सोयाबीनचं किंवा तुरीचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) नको, त्याच्या धुळीनं नाक-डोळे जातात.

आणि कुणाच्या धुऱ्यावरचं गवत आहे हे माहीत असल्याशिवाय काडीही आणू नका. कपाशीच्या पट्ट्यात तणनाशक आणि कीटकनाशक कुठवर उडतं हे दिसत नाही. २०१७ च्या हंगामात आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि मजूर गेले. जिथं धट्टाकट्टा माणूस टिकला नाही तिथं पाऊण-एक किलोचं जनावर काय टिकणार? कापताना गाजरगवत, बेशरम, धोत्रा आणि रुई हातात येऊ नये हेही बघा. लेकरांना गवत आणायला धाडत असाल, तर आधी चार दिवस सोबत जा.

इथवर पोटाचं झालं. पण ताई, तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खुपलं ते टॉनिकही नाही आणि पोळीही नाही. 'टिनाची छपरी' हे दोन शब्द खुपले.

हे जनावर मूळचं दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताचं, थंड हवेचं. त्याला १८ ते २४ अंश बरं वाटतं. २७-२८ च्या वर ते अस्वस्थ होतं, तिशी ओलांडली आणि हवा कोंडली की जिवाला धोका. त्याला घाम येत नाही. कुत्र्यासारखं धापा टाकून अंग थंड करणंही त्याला साधत नाही. आणि आपल्याकडं मे महिन्यात सावलीत ४५ असतं. टिनाखाली किती असेल ते तुम्हीच मोजा. साधा भिंतीवरचा थर्मामीटर आणा आणि पिंजऱ्याच्या उंचीवर दुपारी चारला लावून बघा. टिनाची खरी गंमत रात्री कळते. अंगणात वारा सुटलेला असतो तेव्हाही छपरी दहा-दहा वाजेपर्यंत आग ओकत असते.

आमचा पहिला उन्हाळा सांगतो. पिंजरा मी मागच्या व्हरांड्यात ठेवला होता, उत्तरेकडं, ऊन कधीच येत नाही अशा जागी. मला वाटलं, सावली आहे, पुरे. नवतप्यातली, म्हणजे मे अखेरच्या भर उन्हातली, दुपार. मी लसीकरणाहून अडीचला घरी आलो, पाणी प्यायलो आणि सहज डोकावलो. नर आडवा पसरला होता, चारही पाय सैल. हनुवटीखालचे केस ओले, लाळेनं चिकटलेले. कान हातात धरला तर गरम खापरासारखा. एरवी पिशवी नुसती खुसखुसली तरी कुईकुई करून घर डोक्यावर घेणारं जनावर, त्यानं डोळासुद्धा वळवला नाही. मी त्याला आतल्या खोलीत आणलं, माठातल्या नव्हे, हंड्यातल्या साध्या पाण्यात फडकं भिजवून कान आणि पावलं पुसत राहिलो, कूलर लांबून सुरू केला. बर्फाच्या पाण्यात बुडवायचं नाही, त्या धक्क्यानंच जीव जातो. तोंडात जबरदस्तीनं पाणीही ओतायचं नाही. अर्ध्या तासानं त्यानं मान उचलली. मादी मात्र पेटीच्या कोपऱ्यात होती. ती मी बघितली तेव्हा उशीर झालेला होता. लेकीनं तिला लिंबाखाली पुरलं आणि माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

तेव्हापासून आमच्या घरात एकच नियम आहे. घरातली माणसं मे महिन्यात दुपारी जिथं पाठ टेकतात तिथंच गिनीपिग. मातीची भिंत आणि कवेलूचं छप्पर असलेली खोली असेल तर तुमच्यासारखं नशीब नाही, ती टिनापेक्षा कितीतरी सुसह्य. स्लॅबचं घर असेल तर तळमजल्याची मधली खोली, पश्चिमेची भिंत सोडून. पिंजरा जमिनीवर, बाजेखाली किंवा टेबलाखाली. थंड हवा खाली बसते.

कूलर हे आपल्या भागाचं वरदानच समजा. आपली उन्हाळी हवा कोरडी, म्हणून खस भिजला की बाहेरच्या चव्वेचाळीसमधूनही खोली तिशीच्या आसपास आणता येते. कोकणात हे जमत नाही. फक्त दोन गोष्टी सांभाळा. झोत सरळ पिंजऱ्यावर नको, भिंतीवर आदळून येऊ द्या. आणि समोरची खिडकी बोटभर उघडी ठेवा, नाहीतर खोलीत दमटपणा साठतो आणि कूलर चालू असूनही जनावर गुदमरतं. याच कारणानं जूनच्या पहिल्या पावसानंतर कूलर निरुपयोगी होतो, तेव्हा नुसता पंखा आणि उघड्या खिडक्या.

वीज गेली तर? ती जाणारच, आणि नेमकी तीनला. त्यासाठी फ्रिजमध्ये पाण्याच्या दोन बाटल्या कायम गोठवलेल्या असू द्या. मोज्यात घालून पिंजऱ्याच्या एका टोकाला आडवी ठेवा, त्यांना हवं तेव्हा ती येऊन टेकतील. शहाबादी फरशीचा एक तुकडाही चालतो. बाजेच्या दोन बाजूंना ओलं बारदान सोडा, दोन बाजू वाऱ्याला उघड्या. फुटलेल्या माठाचं अर्धं खापर उपडं घालून बाहेरून भिजवलं की आत छान गार गुहा होते. आमचे सगळे दुपारी त्यातच असतात, तीन जणांना दोन खापरं पुरत नाहीत म्हणून भांडतातही.

फ्रिज नाही, कूलर नाही, दिवसभर घरातली सगळी माणसं शेतावर, अशी परिस्थिती असेल तर? मग सरळ सांगतो, एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत ज्यांच्याकडं हे आहे अशा नातेवाइकाकडं ठेवा. मामानंच आणून दिलेत ना? उन्हाळ्याच्या सुट्टीत लेकरं मामाच्या गावाला जातातच, त्यांच्यासोबत हेही जाऊ द्या. यात कमीपणा नाही.

हिवाळ्याचं फारसं सांगण्यासारखं नाही, गवत जास्त घाला आणि दारातल्या वाऱ्यातून पिंजरा हलवा, निभतं. पावसाळ्यात मात्र बिछाना ओला राहिला की मागच्या बाजूला माश्या अंडी घालतात आणि दीड दिवसात अळ्या पडतात, अगदी बकरीच्या जखमेत पडतात तशा. रोज सकाळी उलटं करून बघायचं.

आता गोलमटोल होणारीकडं. खाऊन जाड झाली असेल, पण मला दाट संशय आहे की तुमच्या 'दोन माद्यां'पैकी एक नर आहे. दुकानातून आलेल्या जोड्यांत ही चूक इतकी होते की आता कुणी "दोन्ही एकाच जातीचे आहेत" म्हटलं की मी आधी उलटं करून बघतो. तुम्हीही बघा. मांडीवर टॉवेल, त्यावर जनावर उताणं, पाठीला हाताचा पूर्ण आधार. मादीच्या जागी इंग्रजी वाय अक्षरासारखी खाच दिसते. नराच्या जागी गोल उंचवटा, आणि त्याच्या थोडं वर, पोटाच्या बाजूला, अंगठ्यानं हलकं दाबलं की इंद्रिय बाहेर येतं. कळलं नाही तर तुमच्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. गिनीपिग आधी पाहिलेला नसला तरी एवढं कोणताही गुरांचा डॉक्टर सांगेल.

हे महत्त्वाचं का? मादीचं पहिलं बाळंतपण सहा-सात महिन्यांच्या आत झालं नाही, तर कमरेच्या पुढच्या हाडाचा सांधा घट्ट होतो, मग पिल्लू अडतं. गाभणपण ५९ ते ७२ दिवसांचं, म्हणजे जवळजवळ बकरीच्या निम्मं. दिवाळीत ती दीड-दोन महिन्यांची असेल तर आता सहा महिन्यांच्या उंबरठ्यावर आहे. गाभण निघाली तर घाबरू नका, पण तिला उपाशी ठेवून बारीक करायला जाऊ नका. शेवटच्या दिवसांत तिनं खाणं सोडलं तर ती वाचत नाही. नर आजच वेगळा करा, जाळीपलीकडं, एकमेकांना दिसतील असा. व्याल्यानंतर काही तासांत ती पुन्हा गाभण राहू शकते. पिल्लं केसांसकट, डोळे उघडे, दुसऱ्या दिवशी गवत कुरतडणारी अशीच जन्मतात. लेकरांना तो सोहळाच असतो. मात्र नर पिल्लं २१ दिवसांची झाली की आईपासून काढायची, नाहीतर वर्षाच्या आत छपरी भरेल आणि गावभर वाटत फिरावं लागेल. एकटं ठेवणं हा उपाय नाही, हा कळपातला प्राणी आहे, एकटा पडला की झुरतो. दोन माद्या, किंवा लहानपणापासून एकत्र वाढलेले दोन नर. आणि सोबतीला ससा नको. तो लाथ मारतो, शिवाय त्याच्या नाकात मुक्कामाला असलेला एक जिवाणू गिनीपिगला न्यूमोनिया करतो, सशाला काहीच होत नाही.

पिंजऱ्याचं पटकन सांगतो. दोघांना निदान चार फूट बाय दोन फूट. खाली जाळी नको, पावलांना फोड येऊन ते चिघळतात. जुन्या सुती गोधडीची घडी, वर गवत. आरा मशीनचा भुसा फुकट मिळतो म्हणून आणू नका, बारीक धूळ श्वासात जाते. वरून आणि बाजूंनी अर्धा इंची वेल्डेड जाळी, कारण मांजर, मुंगूस आणि घूस तर आहेतच, उंदराच्या वासानं धामणही येते. पाणी तुम्ही पिता तेच द्या, आणि घरात फिल्टर असेल तर फिल्टरचं. अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात किंवा आमच्याकडं फ्लोराइडच्या गावांत विहिरीचं पाणी माणसालाही चालत नाही, याला तर मुळीच देऊ नका. लघवी थोडी पांढरट-गढूळ असणं नेहमीचं. लाल दिसली किंवा लघवी करताना ओरडलं तर खडा.

औषधाबद्दल आता माझीच चूक सांगतो, म्हणजे तुमच्या गावात कुणी ती करणार नाही. माझ्याकडं पहिला गिनीपिग आला तो चपलांच्या खोक्यात, नाक वाहत असलेला. मी बकरीला दिलं असतं तेच केलं, अमॉक्सिसिलिनचं पातळ औषध दिलं, वजनाच्या हिशेबानं अगदी काटेकोर. चौथ्या दिवशी हगवण लागून तो मेला. नंतर वाचलं तेव्हा कळलं. पेनिसिलिनच्या कुळातली औषधं, म्हणजे अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, तोंडावाटे दिली की या जनावराच्या पोटातले चांगले जिवाणू मरतात, त्या मोकळ्या जागेत क्लॉस्ट्रिडियम नावाचा घातक जिवाणू माजतो आणि त्याच्या विषानं जनावर जातं. लेकरांसाठी घरात आणलेलं गुलाबी औषध बहुधा याच कुळातलं असतं. म्हणून घरच्या बाटलीतलं काहीही नको, आणि डॉक्टर औषध लिहीत असतील तर न लाजता विचारा, "साहेब, यात पेनिसिलिन तर नाही ना?" गोचीडाची पावडर किंवा बैलाच्या पाठीवर टाकायचं औषधही स्वतःच्या मनानं नाही. खाजेनं बेजार झालं असेल तर खरजेच्या किड्याची शक्यता असते, त्याचं औषध आहे, पण वजन करूनच. अंगावर गोल टक्कल पडलं तर ते गजकर्ण, आणि ते लेकरांना लागतं. मग लेकरांचा हात लावणं बंद, आणि दोघांचाही इलाज.

आजार ओळखायला माझ्याकडं एकच यंत्र आहे, स्वयंपाकघरातला वजनकाटा. हे शिकार होणारं जनावर, दुखणं लपवतं. बसून खातंय असं दिसतं आणि आतून घटत असतं. दर रविवारी सकाळी दोघांचं वजन कॅलेंडरवर लिहा. मोठ्याचं आठवड्यात ५० ग्रॅम घटलं तर खाण्यावर नजर ठेवा, १०० ग्रॅम घटलं तर गाडी काढा. १२ तास गवताला तोंड लावलं नाही तर वजनाचीही वाट बघू नका. हे काम मोठ्या लेकराला द्या, ११ वर्षांची मुलगी ते उत्तम करते, माझी करायची. धाकट्यानं मात्र जमिनीवर मांडी घालून बसल्यावरच जनावर घ्यायचं, एक हात छातीखाली, एक ढुंगणाखाली. उभं राहून उचलायचं नाही. आणि रोजची जबाबदारी मोठ्या माणसाची, दहावीच्या परीक्षेत किंवा गणपतीत लेकरं विसरतात, त्यात त्यांचा दोष नाही.

तर आज संध्याकाळी एवढंच करा. पिंजरा छपरीतून आत घ्या, जाळीवर गोधडी टाका. हरळी कापून आणा. आजारी असलेलीला पहिली पुडी द्या. दोघांना तोला आणि उलटं करून बघा.

आणि दाखवायला न्यायचं झालं तर तुम्हाला नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे, अकोल्याकडच्या मंडळींना तिथली पदव्युत्तर पशुवैद्यकीय संस्था. पहाटेच्या पहिल्या एसटीनं निघा, दुपारच्या गाडीनं नाही. प्लास्टिकच्या डब्यात नको, भाजीच्या टोपलीत ओलसर फडकं आणि त्यावर गवत, पाण्याऐवजी काकडीच्या दोन फोडी, आणि दोघांनाही सोबत न्या. एकच आजारी असलं तरी जोडीदार शेजारी असला की ते वाटेत खात राहतं. खिडकीची जागा मिळाली तर उन्हाच्या उलट्या बाजूची घ्या.